चालता येत असतानाही दिव्यांग प्रमाणपत्रासाठी अर्ज करावा का?

प्रश्न : मी सोलापुरातील एका अनुदानित माध्यमिक शाळेत गणित शिकवते. माझे वय ४६ आहे. सहा वर्षांपूर्वी मला मल्टिपल स्क्लेरॉसिस हा मज्जासंस्थेचा आजार असल्याचे निदान हैदराबादच्या डॉक्टरांनी केले. औषधांमुळे तो बराच आटोक्यात आहे. पण डावा पाय जड पडतो, जिना चढताना कठड्याचा आधार लागतो, आणि थकवा आला की नजरही धूसर होते. थंडीच्या दिवसांत मी वर्गात उभी राहून शिकवते आणि कोणाला काही कळतही नाही. एप्रिल-मेमध्ये मात्र शाळेच्या फाटकापासून शिक्षक खोलीपर्यंत जाईतो पाय लटपटू लागतात. मी स्वतः मोटार चालवते. माझे यजमान म्हणतात की दिव्यांग प्रमाणपत्र काढ, पार्किंगचा परवाना घे आणि ज्या सवलती मिळतील त्या घे. सासूबाईंना ते मान्य नाही. चालत्या-फिरत्या सुनेला कागदावर अपंग म्हणवून घ्यायचे आणि उद्या नातीच्या लग्नात ते कोणीतरी काढायचे, ही त्यांची भीती आहे. माझा प्रश्न निराळा आहे. ज्यांना पाय हलवताच येत नाहीत, त्यांच्या वाट्याचे मी घेत तर नाही ना? शिवाय खोट्या प्रमाणपत्रांच्या आणि पडताळणीच्या इतक्या बातम्या येतात की माझ्याकडेही त्याच नजरेने पाहिले जाईल, असे वाटते. नोकरीवर याचा काही परिणाम होईल का? आणि अमेरिकेतल्या माझ्या चुलत बहिणीच्या आईच्या गाडीत आरशाला अडकवलेले कार्ड असते, तसा पार्किंगचा परवाना आपल्याकडे कोठे मिळतो?
– एक शिक्षिका, सोलापूर

उत्तर : तुमच्या पत्रातील सर्वांत महत्त्वाचा प्रश्न वाट्याचा आहे आणि तो तुम्हाला पडला याबद्दल मला तुमच्याविषयी आदर वाटतो, म्हणून आधी त्याचेच उत्तर देतो. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ हा कायदा १९ एप्रिल २०१७ पासून लागू झाला. त्याआधीच्या १९९५ च्या कायद्यात दिव्यांगत्वाचे केवळ सात प्रकार होते. नव्या कायद्याने ते २१ केले आणि त्यांत मल्टिपल स्क्लेरॉसिसचा नावानिशी समावेश केला. तुमच्यासारख्या रुग्णांना कोणी दयेपोटी मागच्या दाराने आत घेतलेले नाही. संसदेने विचारपूर्वक तुमच्या आजाराचे नाव अनुसूचीत लिहिले आहे. दिव्यांग व्यक्ती कोणाला म्हणावे हे सांगतानाही कायदा केवळ शरीरातील व्यंगाकडे पाहत नाही, तर दीर्घकालीन व्यंग आणि भोवतालचे अडथळे यांच्यामुळे समाजात इतरांच्या बरोबरीने वावरता येत नाही, या परिणामाकडे पाहतो. फाटकापासून शिक्षक खोलीपर्यंतचे उन्हातले अंतर हा तुमच्या बाबतीत असाच एक अडथळा आहे. पाय पूर्ण गेल्याशिवाय अर्ज करू नये, असे कायद्यात कोठेही म्हटलेले नाही.

वाट्याचा हिशेबही जरा बारकाईने पाहू. सरकारी नोकऱ्यांतील चार टक्के आरक्षणाच्या जागा मोजक्या असतात. तेथे एकाला मिळाले की दुसऱ्याचे कमी होते, हे खरे आहे. पण तुम्ही नोकरीत आहात आणि आरक्षण मागत नाही. व्यवसाय कराची माफी, प्राप्तिकरातील वजावट, एस.टी.च्या भाड्यातील सवलत यांचा ठरावीक साठा नसतो. तुम्ही त्या घेतल्याने दुसऱ्या कोणाच्या कमी होत नाहीत. उलट, नोंद न झालेल्या माणसांसाठी सोयी आखल्या जात नाहीत. २०११ च्या जनगणनेत देशात २ कोटी ६८ लाख, म्हणजे लोकसंख्येच्या २.२१ टक्के व्यक्ती दिव्यांग असल्याचे नोंदले गेले. पण त्या गणनेत तुमच्या आजारासाठी वेगळा रकानाच नव्हता. तुमच्यासारखी माणसे संकोचाने बाजूला राहिली, तर शाळेत उतार आणि तळमजल्यावरचे वर्ग मागणाऱ्यांची संख्या कायम कमीच दिसत राहील.

दुसरी गोष्ट, प्रमाणपत्र आणि सवलती या दोन वेगळ्या बाबी आहेत. घरातली चर्चा या दोहोंची सरमिसळ झाल्यामुळे अवघड झाली असावी, असे पत्रावरून दिसते. प्रमाणपत्र म्हणजे तुमच्या शरीराच्या सद्यःस्थितीची वैद्यकीय नोंद. ती हाती आल्यावर कोणती सवलत घ्यायची आणि कोणती नाही, हे तुम्ही एकेक करून ठरवू शकता. एकही न घेण्याची मुभाही तुम्हाला आहे. प्रमाणपत्र काढल्याची वार्ता रुग्णालय स्वतःहून शाळेला, सोसायटीला किंवा नातेवाइकांना कळवत नाही. कार्ड कोणाला दाखवायचे हे तुमच्या हातात असते. सासूबाईंना एवढे समजावून सांगितले, तर त्यांच्या विरोधाची धार कमी होईल, असे मला वाटते. नातीच्या लग्नाची त्यांची काळजी मायेपोटी आहे. पण जे कुटुंब तुमच्या कार्डामुळे मुलीला नाकारील, ते तुमचा आजार कळल्यावरही नाकारीलच, आणि आजार काही लपवून ठेवण्याजोगा नाही.

म्हणून माझे मत स्पष्ट आहे : तुम्ही अर्ज करावा, आणि आत्ताच करावा. या आजारात पुढे काय होईल हे सांगता येत नाही. एखादा तीव्र झटका आल्यावर, रजा संपत आलेली असताना आणि घरात धावपळ असताना कागदपत्रे गोळा करण्यापेक्षा, स्वतः मोटार चालवत जाऊन तपासणी करून घेता येते तोवर ती करून घेणे शहाणपणाचे आहे.

अर्ज केंद्र सरकारच्या स्वावलंबन पोर्टलवर करावा लागतो. त्यातूनच प्रमाणपत्र आणि यूडीआयडी, म्हणजे वैश्विक ओळखपत्र, दोन्ही मिळतात. छायाचित्र, आधार आणि वैद्यकीय कागद जोडून तपासणीसाठी रुग्णालय निवडावे. तुमच्यासाठी सोयीचे म्हणजे शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचे छत्रपती शिवाजी महाराज सर्वोपचार रुग्णालय, ज्याला सारे सोलापूर सिव्हिल म्हणून ओळखते. ऑक्टोबर २०२४ मध्ये नियम बदलल्यापासून कार्डाचा रंग टक्केवारीनुसार असतो : ४० टक्क्यांच्या आत पांढरा, ४० ते ८० च्या दरम्यान पिवळा आणि ८० वा त्याहून अधिक असल्यास निळा. बहुतेक सवलतींसाठी ४० टक्के ही किमान अट आहे.

ही टक्केवारी आजाराच्या नावावरून ठरत नाही, तर आजाराने शरीराच्या कोणत्या कामात किती बाधा आणली यावरून ठरते. येथे एक गोष्ट अनेकांना ठाऊक नसते. एकाहून अधिक बाधा असल्यास त्यांची सरळ बेरीज करत नाहीत; त्यासाठी सूत्र आहे. मोठ्या टक्केवारीत, धाकट्या टक्केवारीला नव्वदातून मोठी वजा करून आलेल्या संख्येने गुणून नव्वदाने भागल्यावर येणारी रक्कम मिळवतात. चालण्याची बाधा ३० आणि दृष्टीची २० असेल, तर एकूण ५० न होता सुमारे ४३ होते. तुम्ही गणित शिकवता, तेव्हा हे तुम्हाला मांडून पाहता येईल. त्याचा व्यवहारातला अर्थ असा की पायाबद्दल सांगताना धूसर होणाऱ्या नजरेबद्दल सांगायला विसरू नये. ती वेगळी तपासली गेली, तर निकाल चाळिशीच्या अलीकडचा पलीकडे जाऊ शकतो.

तपासणीच्या दिवशी तुमच्यासारख्या माणसांकडून एक चूक हमखास होते. आयुष्यभर आपला त्रास लपवून काम केलेले असते, म्हणून डॉक्टरांसमोरही पाठ ताठ ठेवून, दुखणे गिळून चालून दाखवले जाते, आणि ‘कसे आहात’ या प्रश्नाला ‘बरी आहे’ हे सवयीचे उत्तर दिले जाते. कृपा करून असे करू नका. अतिशयोक्ती करू नये हे तर आहेच. पण कमी करून सांगणे हीसुद्धा अपुरी माहितीच आहे. अर्जापूर्वी काही आठवडे साध्या वहीत नोंद ठेवा : विसावा न घेता किती चालता आले, किती पायऱ्या चढता आल्या, कोणत्या वेळी नजर धूसर झाली, त्या दिवशी ऊन कसे होते. मेंदूचे आणि मज्जारज्जूचे एमआरआय अहवाल, हैदराबादच्या डॉक्टरांचे कागद आणि आजवरच्या झटक्यांची तारीखवार टिपणी यांसोबत ही वहीही न्या.

उन्हाचा उल्लेख मी मुद्दाम केला. या आजारात मज्जातंतूंवरील आवरणाला इजा होते आणि संदेश वाहून नेण्याची त्यांची क्षमता क्षीण होते. शरीराचे तापमान थोडे जरी वाढले, तरी ती आणखी घटते आणि लक्षणे तात्पुरती बळावतात. एमआरआय येण्यापूर्वीच्या काळात रुग्णाला गरम पाण्यात बसवून लक्षणे वाढतात का, हे पाहून निदानाला आधार शोधला जात असे, इतका हा संबंध पक्का आहे. सोलापुरात उन्हाळ्यात पारा चाळिशीच्या वर जातो. तेव्हा जानेवारीत वर्गात उभी राहणारी शिक्षिका मे महिन्यात फाटकाशीच थकते, यात ढोंग काही नाही आणि मनाचा दुबळेपणाही नाही. तुम्ही स्वतःही यावर विश्वास ठेवायला हवा. कारण तुमच्या पत्रात इतरांच्या संशयाइतकाच स्वतःविषयीचा संशयही मला दिसला.

बनावट प्रमाणपत्रांच्या पडताळणीचे म्हणाल, तर खोटेपणाने लाभ घेणाऱ्यास याच कायद्याच्या कलम ९१ नुसार दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड, अथवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. ही तरतूद योग्यच आहे आणि पडताळणीही व्हायलाच हवी. मात्र तिची धास्ती खोटे कागद करणाऱ्याला असावी. एमआरआय अहवाल, औषधोपचारांची नोंद आणि शासकीय तपासणी ज्याच्याकडे आहे, त्याने पुन्हा तपासणीला बोलावले तर निःशंकपणे जावे. तुमची स्थिती बदलती असल्याने प्रमाणपत्र ठरावीक मुदतीचे मिळण्याचीही शक्यता आहे. तसे झाल्यास तो अविश्वास समजू नये, मुदत संपण्यापूर्वी पुनर्तपासणीचा अर्ज करावा. निर्णय पटला नाही, तर कलम ५९ नुसार अपील करता येते.

नोकरीच्या बाबतीत तर कायदा तुमच्या बाजूने फार ठामपणे उभा आहे. शासनाचे अनुदान घेणारी संस्था या कायद्याच्या दृष्टीने शासकीय आस्थापना ठरते. कलम २० नुसार, सेवेत असताना दिव्यांगत्व आलेल्या कर्मचाऱ्याला अशी आस्थापना कामावरून काढू शकत नाही आणि त्याला खालच्या पदावरही आणू शकत नाही. चालू पदाचे काम जमेनासे झाले, तर त्याच वेतनश्रेणीत दुसऱ्या पदावर नेमावे लागते, आणि तेही शक्य नसेल तर योग्य पद मिळेपर्यंत किंवा निवृत्तीपर्यंत अधिसंख्य, म्हणजे मंजूर संख्येबाहेरचे जादा, पद निर्माण करून त्यावर ठेवावे लागते. ज्या कागदामुळे नोकरी धोक्यात येईल असे तुम्हाला वाटते, तोच कागद नोकरीचे संरक्षण करतो.

आता सवलतींपैकी तुम्हाला काय उपयोगी आहे ते पाहू. ४० टक्के वा अधिक कायम दिव्यांगत्व असल्यास महाराष्ट्रात वर्षाला २,५०० रुपये कापला जाणारा व्यवसाय कर माफ होतो. प्राप्तिकरात जुनी करप्रणाली निवडल्यास करपात्र उत्पन्नातून ७५ हजार रुपयांची, आणि दिव्यांगत्व ८० टक्के वा अधिक असल्यास १ लाख २५ हजारांची वजावट मिळते. नव्या प्रणालीत ती नाही, त्यामुळे दोन्ही प्रणालींनी कर काढून पाहावा लागेल. शासकीय नियमांत दिव्यांग कर्मचाऱ्यांसाठी वाहतूक भत्त्याचा वाढीव दर आहे; तो तुम्हाला लागू होतो का, हे मुख्याध्यापकांमार्फत वेतन पथकाकडे, म्हणजे अनुदानित शाळांचे पगार काढणाऱ्या शासकीय कार्यालयाकडे, लेखी विचारावे. एस.टी.त सर्व महिलांना मार्च २०२३ पासून अर्धे भाडे आहेच. दिव्यांगांसाठीची सवलत साध्या गाडीला ७५ टक्के आहे. रेल्वेची सवलत मात्र सोबत माणूस असल्याशिवाय प्रवासच करू न शकणाऱ्या अस्थिदिव्यांगांसाठी आहे आणि त्यासाठी डॉक्टरांचा वेगळ्या नमुन्यातील दाखला लागतो. तुम्ही एकट्या प्रवास करू शकता, तोवर ती मागू नये. संजय गांधी निराधार योजना अत्यल्प उत्पन्नाच्या कुटुंबांसाठी आहे. पगारदार घराने तिकडे वळूच नये. तुम्हाला वाट्याची काळजी आहे ना, ती येथे लागू पडते.

राहिला पार्किंगचा परवाना. अमेरिकेत प्रत्येक राज्य अशी कार्डे देते आणि ती आरशाला अडकवली की राखीव जागेचा हक्क मिळतो. आपल्याकडे देशभर चालणारे असे एकच कार्ड नाही. ऑक्टोबर २०२० पासून नव्या वाहनाची नोंदणी करताना मालकीच्या प्रकारात ‘दिव्यांगजन’ अशी नोंद करता येते. तुमची पुढची मोटार तुमच्या नावावर घेणार असाल, तर आरटीओच्या अर्जात हा रकाना भरून घ्यावा. मोटारीवरच्या जीएसटीत दिव्यांगांना मिळणारा १८ टक्क्यांचा दर आता लहान मोटारींना सप्टेंबर २०२५ पासून सर्वांसाठीच लागू झाल्याने, केवळ त्यासाठी धावपळ करण्याचे कारण उरलेले नाही. सध्याच्या मोटारीसाठी यूडीआयडी कार्ड जवळ ठेवावे. काचेवर व्हीलचेअरचे चिन्ह लावायला हरकत नाही, मात्र बाजारात मिळणाऱ्या त्या चिकटचित्राने कोणताही हक्क मिळत नाही. ओळख पटते ती कार्डाने. रुग्णालय, स्थानक किंवा मोठ्या दुकानाच्या राखीव जागेत मोटार लावल्यावर सुरक्षारक्षकाने हटकले, तर कार्ड दाखवावे. आजाराची कहाणी सांगण्यास तुम्ही बांधील नाही, आणि ‘बाई तर चालत गेल्या’ असे कोणी मागून म्हणाले, तरी थांबून खुलासा करू नये.

राष्ट्रीय बांधकाम संहितेनुसार अशी जागा इमारतीच्या प्रवेशद्वारापासून ३० मीटरच्या आत असावी आणि तिची रुंदी ३.६ मीटर असावी. रुंदी व्हीलचेअर बाजूला उतरवता यावी यासाठी असते. तुम्हाला सध्या रुंदीची गरज नाही, कमी अंतराची आहे. म्हणून यजमान सोबत असतील तेव्हा त्यांनी तुम्हाला दारापाशी उतरवून मोटार इतरत्र लावावी आणि राखीव जागा व्हीलचेअरवाल्यासाठी मोकळी ठेवावी. तुम्ही एकट्या असाल, तेव्हा ती निःसंकोच वापरावी. नवी पेठ किंवा मधला मारुती परिसरात, जेथे आखलेली जागाच नसते, तेथे कोणताही परवाना जागा निर्माण करीत नाही. तेथे रिक्षाने जाणे बरे.

खरे तर तुम्हाला बाजारातल्या परवान्यापेक्षा शाळेतल्या एका जागेची अधिक गरज आहे, कारण तेथे तुम्ही रोज जाता. कलम २० नुसार शासकीय आस्थापनेने दिव्यांग कर्मचाऱ्याला वाजवी सोय आणि अडथळामुक्त वातावरण पुरवणे बंधनकारक आहे. प्रमाणपत्राची प्रत जोडून मुख्याध्यापकांना लेखी अर्ज करा : मोटार शिक्षक खोलीच्या पायरीजवळ सावलीत लावण्याची परवानगी, तुमचे तास तळमजल्यावर, आणि उन्हाळी सत्रात शक्यतो सकाळचे वर्ग. या तिन्हींना शाळेचा एक रुपयाही लागत नाही. अर्जाची पोच घ्या.

एक गोष्ट मात्र तितक्याच आग्रहाने सांगतो. ज्या दिवशी नजर धूसर असेल किंवा पाय पॅडलवर नीट पडत नसेल, त्या दिवशी मोटार चालवू नका. प्रमाणपत्रामुळे वाहनपरवाना आपोआप रद्द होत नाही. पण चाळिशीनंतर परवान्याच्या नूतनीकरणासाठी वैद्यकीय दाखला लागतो, आणि त्या वेळी डॉक्टरांपासून हा आजार लपवू नये.

प्रश्न : आमच्या वडिलांचे वय ७२ आहे. ते यंत्रमाग कारखान्यात काम करीत असत. घरात पडून त्यांच्या खुब्याचे हाड मोडले आणि शस्त्रक्रिया झाली. सध्या ते वॉकर घेऊन चालतात. डॉक्टरांच्या मते काही महिन्यांत ते काठीवर येतील. तपासणीसाठी नेताना मोटार लांब लावावी लागते, म्हणून नातेवाईक दिव्यांग प्रमाणपत्र काढायला सांगत आहेत. काढावे का?
– एक वाचक, अक्कलकोट रोड, सोलापूर

उत्तर : आत्ता काढू नये. कायद्याला दीर्घकालीन व्यंग अपेक्षित आहे आणि तुमच्या वडिलांची हालचाल अजून सुधारत आहे. उपचार चालू असताना मोजलेल्या टक्केवारीला अर्थ नसतो आणि तपासणी करणारे वैद्यकीय मंडळही बहुधा ‘नंतर या’ असेच सांगेल. त्यांना वॉकरवर रांगेत बसवून ठेवण्याचा त्रास तेवढा पदरी पडेल. तपासणीला नेताना रुग्णालयाच्या पोर्चमध्ये उतरवावे, तेथे व्हीलचेअर मागावी आणि मग मोटार लावायला जावे. एस.टी.च्या प्रवासाला ६५ ते ७५ वयोगटाच्या ज्येष्ठांना अर्धे भाडे असतेच, त्यासाठी दिव्यांग प्रमाणपत्राची गरज नाही.

व्यायाम आणि उपचार पूर्ण झाल्यावरही पाय आखूड राहिला, सांधा पुरेसा वाकत नसला किंवा काठीशिवाय चालणे अशक्य असेल, तर मात्र स्वावलंबन पोर्टलवर अवश्य अर्ज करावा. वयाची आडकाठी त्याला नाही. तोवर शस्त्रक्रियेपूर्वीचे आणि नंतरचे एक्स-रे, डिस्चार्ज कार्ड आणि फिजिओथेरपीची नोंद एका फाइलमध्ये ठेवावी, कारण मंडळासमोर पहिल्यांदा त्यांचीच विचारणा होते.